मावा पुढे, डिफा मागे

उसाचं पान उलटं केलं आणि मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना लोकरी मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीची पांढरी लोकर दिसली, की बहुतेक जण पान सोडतात आणि पंप शोधायला लागतात. पान आणखी मिनिटभर हातात ठेवावं. दहापट भिंग असेल तर उत्तम, नसेल तर नुसते डोळेही चालतात. लोकरीच्या मधोमध कुठे कुठे मळकट रेशमी जाळीचा बोळ दिसतो. त्याच्या आसपासची लोकर विस्कटलेली असते, माव्याची रिकामी कातडी चिकटलेली असतात. बोळाचं तोंड काडीने हलकेच उचकटलं, तर आत एक अळी मागे सरकते. ती पतंगाची अळी आहे, पण ऊस खात नाही. अळी म्हटली की पानं कुरतडणारी, हा आपला ठोकताळा इथे चुकतो. ही मावा खाते. तिचं नाव डिफा अ‍ॅफिडिव्होरा, पूर्वीचं कोनोबाथ्रा. ऊसपट्ट्यात दोन्ही नावं चालतात.

पानावर मावा किती, हे सगळे मोजतात. डिफा किती, हे मोजणारे थोडे. आणि किती माव्यामागे एक डिफा, हे मोजणारे त्याहून थोडे. शिकारी भक्ष्याची संख्या रोखतो की नाही, याचं उत्तर मात्र नेमकं या तिसऱ्या आकड्यात असतं.

लोकरी मावा महाराष्ट्रात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसला तो जुलै २००२ मध्ये, सांगली जिल्ह्यात. ईशान्य भारतात तो आधीपासून होता. शास्त्राला तर तो जावा बेटावरच्या उसामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ठाऊक झाला होता. सांगलीतून तो कोल्हापूर, सातारा, पुणे, पलीकडे बेळगाव असा पसरत गेला. वाऱ्याबरोबर पंखवाला मावा गेला आणि गाडीबैलाबरोबर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गेले. जनावरांच्या चाऱ्यासाठी एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या वाढ्यांच्या मोळीत किती मावा प्रवास करतो, ते मोळी झटकल्याशिवाय कळत नाही.

या किडीत नर लागत नाही. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिल्लं आधीच तयार होत असतात. पहिल्या दोन अवस्थांतली पिल्लं फिकट पिवळसर-हिरवी आणि चपळ असतात. तिसऱ्या अवस्थेपासून पाठीवर लोकर येते. मावा पानाच्या खालच्या बाजूला बसून रस ओढतो. त्याच्या अंगातून पडणारा चिकट गोड स्राव खालच्या पानांच्या वरच्या बाजूवर सांडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. म्हणून दुरून शेत काळं दिसतं आणि जवळ जाऊन पान उलटावं तर पांढरं. ढगाळ हवा, भरपूर दमटपणा आणि बेताचं ऊन मिळालं, की पावसाळ्यात त्याची वाढ सुटते.

आणि हे भक्ष्य अगदीच गरीब नाही. पहिल्या अवस्थेतल्या पिल्लांच्या कपाळावर बारीक शिंगं असतात. कुणी शिकारी आला, की माव्याच्या अंगातून इशाऱ्याचा वास सुटतो. त्या वासाने काही पिल्लं पळतात, काही उलट चाल करून त्या शिंगांनी भोसकतात. डिफाच्या अळीचं जाळं मग आडोसा म्हणून उपयोगी पडतं. ती जाळ्याखालून पुढे सरकते आणि तोंडाशी येईल तो मावा आत ओढते.

आता थोडं गणित. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून धरलेले आहेत, शेतात मोजलेले नव्हेत. मावा रोज शेकडा १५ ने वाढतो असं धरू. डिफाची एक अळी दिवसाला २० मावे खाते असं धरू. एका अळीमागे १०० मावे असतील, तर दिवसाला १५ वाढतात आणि २० खाल्ले जातात. मावा उतरणीला लागला. त्याच अळीमागे ५०० मावे असतील, तर ७५ वाढतात आणि खाल्ले जातात तेच २०. मावा चढतो. अळी तीच, भूक तीच, एकाही दिवसाची रजा नाही. निकाल मात्र उलटा. या हिशेबात उंबरठा १३३ वर येतो. एका अळीमागे त्याहून कमी मावा असेल तर शिकारी जिंकतो, जास्त असेल तर नुसताच जेवतो.

‘एक अळी अमुकशे मावे फस्त करते’ या छापाच्या वाक्यांचा म्हणूनच फारसा उपयोग नाही. मावा खाणाऱ्या इतर कीटकांपैकी ढालकिडा किती खातो, क्रायसोपर्ला किती खातो याचे तक्ते पाठ करून शेतात काय होणार ते सांगता येत नाही.

समोर मावा जास्त असला तर अळीने जास्त खावं, असं कुणी म्हणेल. काही हद्दीपर्यंत खातेही. ती हद्द का येते हे कॅनडातल्या हॉलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये अगदी घरगुती प्रयोगाने दाखवलं. तीन फूट लांब-रुंद टेबलावर सँडपेपरच्या चार-चार सेंटिमीटरच्या चकत्या टाचल्या, मदतनिसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि बोटांनी चाचपडत चकत्या शोधून उचलायला सांगितल्या. चकत्या थोड्या असताना सगळा वेळ शोधण्यात गेला. चकत्या वाढवल्या तसा वेग वाढला, पण पुढे पुढे वाढ मंदावली, कारण आता वेळ शोधण्यात जात नव्हता, चकती सोडवून बाजूला ठेवण्यात जात होता. त्यापुढे टेबल चकत्यांनी भरून टाकलं तरी हात तितकाच चालणार. अळीचंही तसंच. मावा पकडणं, आत ओढणं, खाणं याला लागायचा तो वेळ लागतोच. पान पांढरंफटक झालं म्हणून तिला दोन तोंडं फुटत नाहीत.

मग एकच मार्ग उरतो, अळ्यांची संख्या वाढणं. आणि तिथे उशीर आहे. डिफाला अंड्यापासून पतंग व्हायला साधारण चार आठवडे लागतात. रोज १५ टक्क्यांनी मावा चढत राहिला तर २८ दिवसांत तो पन्नासपट होतो. पतंग मुळात माव्याच्या वासाने, मावा वाढल्यावरच येतो. म्हणजे शिकारी कायम मागून येणारा. मावा पुढे, डिफा मागे आणि दोघांच्या मधल्या अंतरात उसाचं नुकसान. हे अंतर कमी कसं करायचं, ही अख्ख्या जैविक नियंत्रणाची डोकेदुखी आहे आणि ते आपल्याच हाताने वाढतं कसं, ही त्याहून मोठी.

वाढतं ते फवाऱ्याने. एका पट्ट्यात १०,००० मावे आणि १०० अळ्या आहेत, म्हणजे एकास शंभर. काहीच केलं नाही, तर वरच्या हिशेबाने मावा पहिल्या दिवशी १,५०० ने वाढतो, २,००० खाल्ला जातो, आणि दहाव्या दिवशी कागदावर तरी संपतो. प्रत्यक्षात इतकं सरळ होत नाही, कारण काही अळ्या मध्येच कोषात जातात आणि विरळ मावा शोधायला वेळ लागतो. तरी दिशा उताराची असते. आता याच पट्ट्यावर औषध मारू. मावा शेकडा ९० मेला, फवारा छान बसला. अळ्या शेकडा ९९ मेल्या. उरले १,००० मावे आणि एक अळी. दुसऱ्या दिवशी पान स्वच्छ दिसतं, मन प्रसन्न होतं. त्या दिवसापासून मावा १५० ने वाढतो आणि २० खाल्ला जातो. अठराव्या दिवशी तो परत १०,००० वर. मग दुसरी फवारणी. या वेळी ती एक अळीही नाही.

अळ्या जास्त का मरतात? मावा पानाच्या खालच्या बाजूला लोकरीच्या पांघरुणात एका जागी बसलेला. औषध वरून पडतं आणि मेणचट लोकरीवरून ओघळतं. शिकारी मात्र फिरता. मायक्रोमस, सिरफिड माशी, ढालकिडे, क्रायसोपर्ला यांना भक्ष्य शोधत पान न् पान तुडवावं लागतं, म्हणजे औषधाच्या थरावरून चालावं लागतं. वर विष चढलेला मावाही खावा लागतो. शिवाय उरलेल्या माव्याला अन्न मुबलक आहे, सगळा ऊस त्याचाच. उरलेल्या शिकाऱ्याचं अन्न मात्र नव्वद टक्क्यांनी घटलं. आठ-दहा महिन्यांच्या, पडलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या उसात पाठीवरचा पंप घेऊन माणूस आत शिरू शकत नाही, हा भाग वेगळाच. तिथे फवारा बांधालगतच्या चार-पाच सऱ्यांवर बसतो आणि आतल्या माव्याला शेजारचे शिकारी मिळेनासे होतात.

हा प्रकार उसापुरता नाही आणि किडींपुरताही नाही. एड्रियाटिक समुद्राकाठी फ्यूमे नावाचं बंदर होतं, आज ते क्रोएशियातलं रिएका. पहिल्या महायुद्धात तिथली मासेमारी जवळपास थांबली. उम्बेर्तो द’अँकोना या प्राणिशास्त्रज्ञाने बाजारातल्या नोंदी तपासल्या. मुशी-पाकटांसारख्या शिकारी माशांचं प्रमाण १९१४ मध्ये एकूण मासळीत ११.९ टक्के होतं. १९१८ मध्ये ते ३६.४ टक्क्यांवर गेलं आणि मासेमारी पुन्हा जोरात सुरू झाल्यावर १९२३ मध्ये १०.७ वर उतरलं. जाळी कमी पडली तर सगळेच मासे सारखे वाढायला हवेत, मग शिकाऱ्यांचाच वाटा एवढा का फुगला? त्याने हा प्रश्न आपले सासरे, गणिती व्हितो व्होल्तेरा, यांच्यापुढे ठेवला. १९२६ मध्ये व्होल्तेरांनी समीकरणं मांडून दाखवलं, की शिकारी आणि भक्ष्य दोघांनाही सारख्या प्रमाणात मारत राहिलं, तर सरासरीने भक्ष्य वाढतं आणि शिकारी घटतो. समुद्रात जाळं दोघांना मारतं. उसात औषध दोघांना मारतं. समीकरणाला त्यातला फरक कळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांनी हे दोन्ही बाजूंनी पाहिलं. ऑस्ट्रेलियातून तिथे पोचलेल्या कापसासारख्या पांढऱ्या खवले किडीने १८८० च्या दशकात बागा खलास करत आणल्या होत्या. आल्बर्ट कोबेल याला १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियात पाठवलं. त्याने धाडलेल्या पहिल्या खेपांतले १२९ लाल-काळे ढालकिडे, व्हेडालिया, लॉस एंजेलिसमध्ये एका किडक्या झाडावर तंबू ठोकून आत सोडले. तंबू उघडल्यावर काही महिन्यांतच त्यांची पिल्लावळ हजारोंनी इतर बागांत वाटली गेली आणि दोन वर्षांच्या आत कीड नावापुरती उरली. पुढची पन्नासेक वर्षं शांततेत गेली. मग १९४० च्या दशकात डीडीटी आलं, इतर किडींसाठी बागांवर पडलं आणि व्हेडालिया मेला. खवले कीड परत उसळली. शिकारी इतकी वर्षं नेमकं काय काम करत होता, ते तो गेल्यावर दिसलं.

व्हेडालियाच्या त्या १२९ कडे पाहिलं, की सोडण्याच्या मात्रेचा अर्थ उलगडतो. उसासाठी शिफारस आहे ती हेक्टरी डिफाच्या १,००० किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्यांची. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. दहा चौरस मीटरला एक डिफा! पानापानावर शेकड्यांनी मावा असताना ही एकटी अळी काय करणार, असं वाटणं साहजिक आहे. पण हे सैन्य नव्हे, विरजण आहे. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण दही खाण्यासाठी घालत नाहीत, दही व्हावं म्हणून घालतात. आणि विरजणाचे सगळे नियम इथेही लागू. दूध उतू गेल्यावर घालून उपयोग नाही, म्हणजे अख्खं शेत पांढरं झाल्यावर अळ्या आणणं वाया. मावा ठिपक्याठिपक्यांनी दिसायला लागला, की त्याच ठिपक्यांवर सोडायचं. दूध कडकडीत गरम असताना घालून चालत नाही, म्हणजे फवारणीनंतर निदान दोन-तीन आठवडे थांबायचं. घातल्यावर ढवळत बसायचं नसतं, म्हणजे त्यानंतर धुरळणीही नको.

सोडताना हमखास होणाऱ्या चुका तीन. पहिली, डब्यात अळ्या उपाशी कोंडून आणणं. मायक्रोमस आणि क्रायसोपर्ला यांच्या अळ्या उपाशी राहिल्या की एकमेकींना खातात. म्हणून डब्यात मावा असलेल्या पानांचे तुकडे आणि कागदाच्या पट्ट्या घालाव्यात, म्हणजे अन्नही मिळतं आणि आडोसाही. दुसरी, दुपारी सोडणं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर सोडावं. तिसरी, नुसतं शेतात फिरून अळ्या उधळणं. अळी जमिनीवर पडली तर मुंग्यांची होते. अळी किंवा कोष असलेला पानाचा तुकडा मावा असलेल्या पानाच्या खालच्या बाजूला टाचणीने किंवा स्टेपलरने टाचावा. यातलं मायक्रोमस हे प्रौढपणीही मावा खातं, हा त्याचा मोठा गुण. क्रायसोपर्लाचा प्रौढ मावा खात नाही, परागकण आणि गोड रसावर जगतो.

युरियाचंही इथे काम आहे, आणि ते शिकाऱ्याच्या बाजूने मोजावं. नत्र जास्त झालं की पान लुसलुशीत होतं आणि माव्याची वाढ जोर धरते. वरच्या हिशेबात रोजची वाढ १५ ऐवजी १० टक्के असती, तर एक अळी १३३ ऐवजी २०० मावे रोखून धरू शकली असती. अळीत काहीही न बदलता तिची ताकद दीडपट. जोडओळ लागणीने हवा खेळती राहते, त्याचाही फायदा याच खात्यात जमा होतो.

आता एक अडचण, जी मित्रकीटकांचे भक्त सहसा टाळतात. उन्हं तापली आणि हवा कोरडी झाली, की मावा आपणहूनही घटतो. मार्चमध्ये पानं स्वच्छ झाली आणि जागोजागी डिफाचे कोष दिसले, म्हणून श्रेय डिफाचं असं होत नाही. कोंबडा आरवला म्हणून उजाडत नाही. श्रेय कुणाचं ते तपासायची पद्धत मात्र सोपी आहे. एकाच ठिकाणची, सारख्या वयाची, सारखा मावा असलेली पंधरा पानं निवडायची. पाच पानांवरचे शिकारी, त्यांची अंडी आणि जाळी बारीक कुंचल्याने काढून टाकायची, पानावर मलमलीची पिशवी चढवायची आणि दोन्ही टोकं कापूस गुंडाळून दोऱ्याने बांधायची. पाच पानांना तशीच पिशवी, पण दोन्ही टोकं उघडी. पाच पानं मोकळी. दर चार दिवसांनी पानाच्या ठरलेल्या जागी अडीच सेंटिमीटरच्या चौकोनातला मावा मोजायचा.

मधली पाच पानं अनेकांना फालतू वाटतात आणि प्रयोग तिथेच फसतो. पिशवीच्या आत सावली असते, दमटपणा जास्त असतो, पावसाचा मार लागत नाही. मावा नुसत्या तेवढ्यानेच वाढू शकतो. बंद पिशवीत मावा फुगला आणि उघड्या टोकांच्या पिशवीत घटला, तरच शिकाऱ्याचं नाव घ्यावं. दोन्हींत सारखाच फुगला तर ते पिशवीचं काम. दोन्हींत घटला तर हवामानाचं. पंखवाला मावा बंद पिशवीतून उडून जाऊ शकत नाही, म्हणून दोनेक आठवड्यांनंतरच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. कापूस सैल बांधला तर ढालकिड्याची एखादी बारीक अळी आत शिरते आणि पंधरवड्याची मेहनत फुकट घालवते.

शिकारी जिंकला तर पुढे काय, हा प्रश्न कमी विचारला जातो. हफेकर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये संत्र्यांच्या ट्रेमध्ये संत्र्यावर जगणारे कोळी (माइट) आणि त्यांना खाणारे शिकारी कोळी सोडले. साध्या मांडणीत दर वेळी तेच झालं, शिकाऱ्याने सगळं भक्ष्य संपवलं आणि मग स्वतः उपाशी मेला. शेवटी त्याने २५२ संत्री पसरली, वाटेत व्हॅसलिनचे बांध घातले आणि भक्ष्य कोळ्यांना धाग्यावरून तरंगत निसटता यावं म्हणून लाकडी काड्या उभ्या केल्या. शिकाऱ्याला ते तरंगणं जमत नव्हतं. तेव्हा कुठे दोघांच्या चढउताराच्या तीन लाटा मिळाल्या. भक्ष्याला पळायला जागा होती म्हणून शिकारीही टिकला.

आपला ऊसपट्टा या बाबतीत नशीबवान आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ‘सुरू’ हंगामाचा त्यानंतर, शिवाय तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारा खोडवा. वर्षातला असा एकही दिवस नसतो, की परिसरात उभा ऊस नाही. एका शेतातून मावा आणि डिफा दोघंही संपले, तरी चार शेतं पलीकडे दोघंही थोडेथोडे असतात आणि तिथून पहिला मावा येतो, मागोमाग डिफा. सांगलीत मावा उसळला तेव्हा डिफा आणि मायक्रोमस निसर्गतःच मागे दिसू लागले, मग मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी ते वाढवून पुरवले. एन्कार्शिया ही माव्याच्या अंगात अंडी घालणारी इवलीशी गांधीलमाशी आसामातून आणली गेली. पुढच्या वर्षांत मावा दिसत राहिला, पण २००२ नंतरच्या त्या दोन-तीन हंगामांसारखा नाही.

म्हणूनच बांधाकडेच्या चार ताटांवर थोडा मावा दिसला तर तो राहू द्यावा, असं सांगावं लागतं. हे कुणाला पटत नाही. घरात थोडे उंदीर राहू द्या म्हटल्यासारखं वाटतं. पण मावा शून्यावर आला की डिफाही शून्यावर येतो आणि पुढच्या पावसाळ्यात तेच २८ दिवसांचं अंतर पहिल्यापासून मोजायला लागतं.

तोडणीच्या वेळी हा साठा सगळ्यात जास्त वाया जातो. टोळी आली की दोन-तीन दिवसांत फड मोकळा होतो, वाढे चाऱ्याला जातात आणि पाचट पेटवलं तर उरलेले कोषही जळतात. तोड सुरू होण्याआधीच्या संध्याकाळी कडेच्या सऱ्यांतून एक फेरी मारावी. जाळी किंवा कोष असलेली पानं हातभर लांबीची कापावीत, पोत्यात न कोंबता उघड्या टोपलीत सैल ठेवावीत आणि त्याच रात्री किंवा उजाडताच शेजारच्या उभ्या उसात, जिथे मावा आहे अशा पानांना टाचावीत. मावा नसलेल्या शेतात मात्र नेऊ नयेत, त्या पानांबरोबर मावाही जातो. एका टोपलीत शे-दीडशे कोष सहज मावतात. चारशे झाले, की एकराची मात्रा झाली.